मोजपट्टी कुणाच्या हातात?

सध्या एक नवी टूम निघालीय. बांधकामाचं व्यवस्थापन आणि सुरक्षा शिकणाऱ्या पोरांना डिजिटल तंत्र शिकवायचं. ड्रोन उडवायला शिकवायचं. इमारत जमिनीवर उभी राहण्याआधी ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर उभी करायला शिकवायचं. डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवून वर्गातल्या वर्गात विसाव्या मजल्याच्या कडेवर उभं राहायला शिकवायचं. १९८३ साली निघालेली निकमार २०२२ मध्ये पुण्यात विद्यापीठ झाली. शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक सुरक्षेची पदविका आहे. तंत्रनिकेतनं तर जिल्ह्याजिल्ह्यात. अशा ठिकाणांहून दरसाल पोरं बाहेर पडतात, डोक्यावर पांढरं हेल्मेट घालतात आणि आमच्यावर साहेब होतात. आमच्यावर म्हंजे पिवळ्या हेल्मेटवर.

मी मॅट्रिक. दिवसा गोदीत ओझी उचलतो, रात्री कविता लिहितो. या शिक्षणावर बोलायचा मला काय अधिकार, असं कुणी विचारील. अधिकार एवढाच, की ही पोरं जे शिकणार ते आमच्या डोक्यावर उभं राहणार आहे. त्यांचं गणित चुकलं तर त्यांचे मार्क कापले जातील. आमचा गळा कापला जाईल. आणि आम्हाला ऑक्टोबरची परीक्षा नसते.

माझं म्हणणं आडवळण न घेता सांगतो. यंत्र शिकवा, जरूर शिकवा. पण ते यंत्र कुणाच्या हातात जाणार आणि कुणाकडे तोंड करून उभं राहणार, हे आधी शिकवा. ते सोडून बाकी सगळं शिकवलंत तर तुम्ही नवे मुकादम तयार करताय. जुन्या मुकादमाच्या हातात छडी होती, नव्याच्या हातात टॅब्लेट असेल. एवढाच फरक.

मुंबईच्या टॉवरवरून हा प्रश्न नीट दिसत नाही. काचेला फार चकाकी असते. म्हणून दोस्तांनो, तुम्हाला राळेगणसिद्धीला नेतो. तालुका पारनेर, जिल्हा अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर. आमचं मूळ गाव त्याच तालुक्यातलं. वर्षाला चारशे-पाचशे मिलीमीटर पाऊस, तोही पडला तर पडला. म्हणून तर तिकडची माणसं मुंबईला आली, माथाडी झाली, गोदीत शिरली.

राळेगण म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे टोपी येते, उपोषण येतं, २०११ चं रामलीला मैदान येतं. ते घटकाभर बाजूला ठेवा. मी त्या गावाकडे बांधकामाची साईट म्हणून बघतो. १९७५ साली अण्णा हजारे फौजेतून गावात आले, त्यानंतर तिथं जे उभं राहिलं ते सगळं बांधकामच आहे. नालाबांध, समतल चर, पाझर तलाव, शाळा. ढीगभर माती हलली, दगड हलला. माती आपल्या पायानं चालत जात नाही. तिला हात लागतात, डोकं लागतं, टोपली लागते.

त्या गावाची गोष्ट सुरू होते एका गळक्या तळ्यापासून. सरकारी कामातून झालेला पाझर तलाव होता, पण त्यात पाणी ठरत नव्हतं. गाव गोळा झालं, श्रमदानानं पाळ दुरुस्त केली, पाणी ठरलं आणि खालच्या विहिरींना पाझर फुटला. झालं ते चांगलंच झालं. पाण्याला मी शिव्या घालणार नाही. तहान कुणाला चुकलीय?

पण गोदीतल्या माणसाला दुसराच प्रश्न पडतो. त्या काळात ठिकठिकाणी अशा पाळी रचल्या गेल्या, तेव्हा टोपल्या वाहणाऱ्यांना कुणी सांगितलं होतं का, की पाझर तलावाचं पाणी खाली जमिनीत मुरायला पाहिजे, पाळीतून फुटायला नको? पाळीच्या पोटात काळ्या मातीचा गाभा भरावा लागतो, तो पायाखालच्या चरातही भरावा लागतो, वरून मुरूम घालावा लागतो, थर थर दाबावा लागतो. एक थर कच्चा राहिला की पाणी तिथून वाट काढतं. ही विद्या काय ब्रह्मविद्या नाही. माती टाकणाऱ्याला अर्ध्या तासात समजेल. कुठली माती चिकट आणि कुठली भुसभुशीत, हे तर त्याच्या टाचेला इंजिनिअरच्या आधी कळतं. पण त्याला सांगायची रीत नव्हती. त्यानं टोपली उचलायची, ओळीत चालायचं, ओतायचं, परत यायचं. तळं गळालं तर तहान त्याची, आणि तळं भरलं तर ओलीत जमीनवाल्याचं.

माझी आजी ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला होती. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची, मजुरी मोजमापावर मिळायची. मातीकाम असलं तर चौकडी मोजायची, खडी असली तर ढीग मोजायचा. आजीला आकडे येत होते. बोटांवर हिशेब पक्का होता. पण टेप तिच्या हातात कधी आली नाही. टेपचं एक टोक कारकुनाकडे, दुसरं मुकादमाकडे. वहीत जे चढलं ते खरं, जमिनीत जे खणलं ते खोटं. पुढे वि. स. पाग्यांच्या कल्पनेतून निघालेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, हा हक्क महाराष्ट्रानं देशाच्या आधी लिहून दिला. मोठी गोष्ट होती. पण त्या हक्कातही टेप जिथल्या तिथंच राहिली.

आता बघा डिजिटल काय झालं. २०२१ च्या मे महिन्यात केंद्र सरकारनं ग्रामीण रोजगार हमीच्या हजेरीसाठी मोबाईलची एक व्यवस्था आणली, एनएमएमएस. १ जानेवारी २०२३ पासून ती सक्तीची केली. मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो काढायचे, जागेच्या खुणेसकट वर पाठवायचे. फोटो मेटनं काढायचा. रेंज नसली, फोटो चढला नाही, की खणलेली चौकडी हवेत. दुपारी काम संपलं तरी दुसऱ्या फोटोसाठी बाईनं उन्हात ताटकळत बसायचं. २०२३ मध्ये मजूर दिल्लीला जंतरमंतरवर धरणं धरून बसले ते याच्यासाठीसुद्धा. आजीच्या वेळची टेप आता फोन झाली. ती तेव्हाही आमच्या हातात नव्हती, आताही नाही.

त्या मोबाईलमध्ये मजुराचा चेहरा गेला. त्याच मोबाईलमध्ये खणलेल्या चराची खोली गेली असती, तर? दरड सुटायला लागलीय याचा फोटो मजुरानं स्वतः पाठवला असता, तर? तंत्र तेच, कॅमेरा तोच. फक्त तोंड दुसरीकडे वळवायचं होतं. ते कुणाला सुचलं नाही, कारण सुचणाऱ्यांच्या शिक्षणात मजूर म्हंजे मोजायची वस्तू. मोजणारा माणूस नव्हे.

इथं आपल्यातलेच काही जण म्हणतील, म्हंजे यंत्रंच नकोत. साफ चूक. यंत्र नको म्हणणं ही भरल्या पोटाची चैन आहे. बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांचं काय केलं याचा हिशेब मांडला, तेव्हा यंत्राची बाजू घेतली. यंत्रानं माणसाला फुरसत मिळते, फुरसतीतून संस्कृती उभी राहते. दोष यंत्रात नाही, ते ज्या समाजरचनेत चालतं तिच्यात आहे, असा त्यांचा मुद्दा. आणि १९४२ च्या ऑक्टोबरात व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य पोरांसाठी विज्ञान आणि तंत्राचं शिक्षण मागितलं. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीच्या जागा मागितल्या. ज्या माणसानं आपल्याला यंत्रापर्यंत पोचवायला कागद झिजवले, त्याच्या पोरांनी यंत्राला भ्यायचं?

आणि गावाबद्दलही त्यांनी भाबडेपणा ठेवला नव्हता. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनासभेत त्यांनी खेड्याच्या गोडव्यांवर घणाघात केला, तो सगळ्यांना माहीत आहे. राळेगणसारख्या आदर्श गावाकडेही त्याच डोळ्यांनी बघायला पाहिजे. तिथल्या दलित कुटुंबांवरचं कर्ज गावानं त्यांच्या जमिनीत श्रमदान करून फेडलं, असं ती कथा सांगणारे सांगतात. चांगलं केलं. पण मुकुल शर्मा यांनी २००६ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लिहिलं, की तिथं पाण्याबरोबर एका माणसाचा नैतिक हुकूमही गावात मुरला आणि जातीची उतरंड हलली नाही. मला यात आपल्या विषयाचं सार दिसतं. उपकारानं कर्ज फिटतं, पण हातात मोजपट्टी येत नाही. मोजपट्टी हक्कानं येते.

राळेगणनं ज्यांच्यापासून धडा घेतला त्या विलासराव साळुंख्यांच्या पाणी पंचायतीनं पुरंदर तालुक्यात हे ओळखलं होतं. तिचा नियम होता, पाणी जमिनीच्या एकरांवर मोजायचं नाही, घरातल्या माणसांवर मोजायचं. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. बघा, नुसतं माप बदललं आणि न्याय बदलला. कशानं मोजायचं आणि काय मोजायचं, यातच सगळं राजकारण आहे. बांधकामाच्या पोरांना मापं शिकवणारे मास्तर हे राजकारण शिकवत नाहीत. म्हणतात, तंत्र तटस्थ असतं. घंटा तटस्थ असतं.

आता राळेगणच्या पाळीवरून शहराच्या स्लॅबवर येऊ. माती तिथली, काँक्रीट इथलं. वाहणारी डोकी तीच. दुष्काळात जे पारनेर, पाथर्डी, बीड सोडून निघाले, त्यांचीच पोरं सेंटरिंगच्या फळ्या ठोकतात. सोबत बिहार, झारखंड, बंगालची. वडाराची, मांगाची, महाराची, मुसलमानाची. पांढऱ्या हेल्मेटखाली कुठली आडनावं असतात आणि पिवळ्याखाली कुठली, हे हजेरीचं पुस्तक उघडून वाचा. मनुस्मृती वाचायची गरज पडणार नाही.

या पोरांना जे तंत्र शिकवतात त्यात खरोखर काय ताकद आहे ते आधी नीट समजून घ्या. बिम नावाचा प्रकार आहे. पूर्ण इमारत पडद्यावर तिन्ही बाजूंनी उभी करतात. खांब, तुळया, पाइप, वायरी, सगळं आपापल्या जागी. त्याला कामाचं कॅलेंडर जोडलं की कुठल्या आठवड्यात कुठल्या मजल्यावर काय उघडं राहणार ते दिसतं. लिफ्टचा खड्डा कोणत्या दिवसापासून मोकळा, कुठल्या कडेला कठडा नाही, कुठल्या टप्प्यात क्रेनच्या फेऱ्याखाली माणसं असणार, सगळं महिनाभर आधी. म्हंजे माणूस पडायच्या आधी त्याची पडायची जागा कळते.

दुसरं बघा. ओल्या काँक्रीटमध्ये उष्णता मोजणारी तार ठेवतात. सिमेंट घट्ट होताना तापतं. त्या तापाच्या हिशेबावरून स्लॅबमध्ये ताकद किती आली ते फोनवर दिसतं. आपल्याकडचं मानक, आयएस ४५६, सांगतं की साध्या सिमेंटच्या साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस काढायचे नाहीत, त्याहून मोठ्याचे १४ दिवस. सहा मीटरवरच्या तुळईचे २१ दिवस. थंडी असली, सिमेंट वेगळं असलं तर हिशेब आणखी वाढतो. हे दिवस फळी काढणाऱ्याला कोण सांगतो? कुणी नाही. मुकादम म्हणतो, काढ. तो काढतो. टेकूखाली उभा तोच असतो, आणि टेकूचं वय त्यालाच माहीत नसतं. ती तार काय बोलते हे ऑफिसातल्या पडद्याबरोबर त्याच्या फोनवरही दिसलं, तर ते तंत्र. नुसतं ऑफिसात दिसलं, तर ती एक महागडी वायर.

खोदाईचं तसंच. आयएस ३७६४ सांगतं, दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार द्या. दीड मीटर म्हंजे बाईच्या उंचीएवढं. ते मोजायला ड्रोन लागत नाही. बाई खड्ड्यात उतरली, तिचं डोकंही वर दिसेनासं झालं आणि आधार नसला की मानक मोडलं. ड्रोन शंभर फुटांवरून सगळी साईट टिपेल. पण खड्ड्यातून वर ओरडलेलं ऐकणारा कुणी नसला तर त्या फोटोचं काय लोणचं घालायचं?

आता मेलेली माणसं मोजू. ती मोजायला आपल्याला कुणी अडवत नाही. ४ एप्रिल २०१३, मुंब्र्याजवळ शीळफाट्याला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली, ७४ मेले. २९ जून २०१९, पुण्यात कोंढव्याला पावसात संरक्षक भिंत मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर पडली, १५ मेले, त्यात लेकरं. १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्रीनंतर शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं अवजड यंत्र कोसळलं, २० मेले. पहिल्या ठिकाणी यंत्र कमी होतं असं म्हणता येईल. शेवटच्या ठिकाणी तर यंत्रच होतं, अफाट मोठं. आणि मधल्या ठिकाणी? कोंढव्याला कुठल्या सेन्सरची वाट बघायची होती? खोदाईच्या कडेला भिंत, भिंतीखाली झोपड्या, वरून पाऊस. झोपड्या हलवा, एवढं म्हणायची ताकद असलेला एक माणूस हवा होता. मजुराच्या बाजूचा माणूस. ते पद कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नसतं.

धोक्याची माहिती वर असणं आणि खाली नसणं, हे आम्हा गोदीवाल्यांना नवं नाही. १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाज लागलेलं. पोटात कापसाच्या गाठी आणि चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं. असल्या मालाच्या जहाजानं लाल बावटा लावायचा असतो. तो लावला नव्हता. दुपारी धूर निघाला, चार वाजून गेल्यावर जहाज फुटलं. शेकडो माणसं गेली, आग विझवायला गेलेले ६६ बंबवाले गेले. कागदपत्रांत सगळं लिहिलेलं होतं, कुठल्या फाळक्यात काय ते. पण बावटा वर नव्हता, म्हणून भोवतालच्या माणसांच्या लेखी ते एक साधं जहाज. आजची भाषा वापरायची तर डेटा होता, फक्त वाटलेला नव्हता.

आणि गोदीत एक चांगली रीतही आहे, ती या मास्तरांनी शिकण्यासारखी आहे. क्रेनवर, विंचेवर, हुकावर तिची ताकद रंगवलेली असते. एसडब्ल्यूएल अमुक टन. एवढं उचलेल, पुढे नाही. ती अक्षरं ऑफिसच्या फायलीत नसतात, यंत्राच्या अंगावर असतात. खाली उभ्या माणसाला वाचता येतील एवढी मोठी. अडाणी माणूसही तो आकडा ओळखतो. माल जास्त दिसला की गँग हात वर करते. सुरक्षेचं अख्खं शास्त्र या रंगवलेल्या आकड्यात आहे. ज्याच्या डोक्यावर वजन लटकणार, त्याला वजन कळलं पाहिजे.

मागच्या वर्षी दोन महिने गोदीत काम नव्हतं, तेव्हा एका बांधकामावर गेलो. ठेकेदाराच्या माणसानं आम्हा तीस जणांना एका पत्र्याच्या खोलीत बसवलं आणि पडद्यावर सुरक्षेचा पिक्चर लावला. बोलणं इंग्रजी. माणसं गोरी. आमच्यातल्या निम्म्यांना मराठी येत नव्हतं, बाकीच्यांना इंग्रजी. पिक्चर संपल्यावर प्रत्येकाचा अंगठा टॅब्लेटवर दाबून घेतला. ते म्हणे प्रशिक्षण झाल्याची नोंद. पुढे कुणी पडला तर ठेकेदाराकडे पुरावा तयार, याला शिकवलं होतं. आमच्या शेजारचा झारखंडचा पोरगा विचारत होता, पिक्चर पुरा हो गया क्या? हे झालं डिजिटल शिक्षण! अंगठा तोच, शाई गेली. सावकाराच्या वहीवर आज्याचा अंगठा होता, नातवाचा काचेवर आहे.

कायद्यात मात्र लिहायला कुणी कंजुषी केली नाही. १९९६ साली बांधकाम कामगारांचा कायदा झाला. महाराष्ट्राचे नियम यायला २००७ उजाडलं, कल्याणकारी मंडळ यायला २०११. त्या कायद्यात कलम ३८ होतं. पाचशे किंवा जास्त कामगार असतील तिथं सुरक्षा समिती, आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नकोत. आता तो कायदा आणि आमचा गोदी कामगारांचा १९८६ चा सुरक्षा कायदा, दोन्ही २०२० च्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत गेले. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. समितीतली बरोबरीची अट तिच्यातही आहे. कामगाराला सुरक्षेची माहिती मालकाकडून मागायचा हक्क आहे. जिवाला धोका दिसला तर मालकाला आणि निरीक्षकाला कळवायचा हक्क आहे. अडीचशे कामगारांच्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमायचा आहे. पण काम थांबवायचा हक्क? कळव, म्हणते संहिता. थांबव, असं म्हणत नाही. आणि अडीचशेच्या आतल्या साईटीवर, जिथं आपली निम्मी वस्ती राबते, तिथं अधिकारीसुद्धा सक्तीचा नाही.

आता मास्तर लोकांना विचारतो. तुमच्या अभ्यासक्रमात बिमचे तास किती, आणि या हक्काचे किती? ड्रोन चालवायला शिकलेल्या पोराला तुम्ही परीक्षेत हा प्रश्न विचारता का, की उद्या सकाळी स्लॅब भरायचा आहे, फळ्यांचा आधार कच्चा आहे असं एका सेंटरिंगवाल्यानं तुला सांगितलं, मालक म्हणतो भरा, तू काय करशील? हा प्रश्न शंभर मार्कांचा. बाकीचे पेपर त्यानंतर.

टीका करून मोकळं होणं मला पटत नाही. म्हणून काय पाहिजे तेही लिहितो.

एक. या पोरांचा पहिला महिना पडद्यापुढे नको, गवंड्याच्या हाताखाली पाहिजे. ओळंबा, गुण्या आणि पाण्याची लेव्हल. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची उंची जुळवणारा गवंडी जे करतो, तेच तुमचं लेझरचं यंत्र करतं. ज्याला नळीतलं पाणी वाचता येत नाही त्याला पडद्यावरचा आकडा चूक आहे की बरोबर हे कधीच कळणार नाही. आणि त्या गवंड्याला मास्तरचा पगार द्या. शाल-नारळ नको.

दोन. साईटवरचं प्रत्येक यंत्र मजुराच्या भाषेत बोललं पाहिजे. बोललं पाहिजे म्हणतो, लिहिलं पाहिजे नाही. मराठी, हिंदी, भोजपुरी, तेलुगू, बंगाली. स्लॅब किती दिवसांचा, खड्डा किती खोल, परातीला आज किती धोका, हे कानावर पडलं पाहिजे. जिथं कान तिथं ज्ञान.

तीन. कॅमेरा चेहऱ्यावर कमी, परातीवर जास्त. तक्रारीत नाव सक्तीचं नको. आणि एकदा नोंद झालेली तक्रार ठेकेदाराला पुसता येता कामा नये. ती समितीतल्या कामगाराच्या फोनवर राहिली पाहिजे. कागद फाडता येतो, म्हणून तर डिजिटलची किंमत. तोही पुसता येत असेल तर कागद काय वाईट होता?

चार. बांधकामाच्या खर्चावर जो किमान एक टक्का उपकर कामगार कल्याणासाठी वसूल होतो, त्यातून मजुरांच्या पोरापोरींना याच अभ्यासक्रमांच्या जागा आणि फी. जिनं आईला खड्ड्यात बघितलंय ती पोरगी सुरक्षा अधिकारी झाली तर खड्ड्याकडे बघायची तिची नजर वेगळी असेल. तिला दीड मीटर पाठ करावं लागणार नाही.

मास्तर हे करतील तेव्हा करतील. आपल्या चळवळीतल्या पोरांनी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं कारण नाही. दोस्तांनो, तुमच्या प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. त्यावर रात्रभर काय बघता ते मी विचारत नाही. पण वस्तीतल्या विहारात रविवारी दोन तास बसा. सेंटरिंगवाले, गवंडी, बिगारी बाया, सगळ्यांना बोलवा. स्लॅब भरल्याची तारीख फोनमध्ये घालून टेकू काढायच्या दिवशी घंटा कशी वाजवायची ते दाखवा. परातीचा, दरडीचा फोटो तारखेसकट कसा जपायचा, निरीक्षकाला कसा पाठवायचा ते दाखवा. मंडळाकडे नोंदणी करायला वर्षात ९० दिवस काम दाखवावं लागतं, त्या दिवसांची नोंद स्वतःच्या फोनात स्वतः ठेवायला शिकवा. आणि त्यांच्याकडून ओळंबा धरायला शिका. पोथी न वाचता भिंत सरळ कशी उभी राहते ते एकदा बघा.

राळेगणच्या पाळीत पाणी ठरलं ते गावच्या हातांनी. हात आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यांचं कौतुक आता पुरे झालं. श्रमाला नमस्कार करणारे रग्गड भेटले. आम्हाला नमस्कार नको, टेपचं दुसरं टोक पाहिजे. पहिलं टोक तुमच्या पोरांनी धरावं, दुसरं आमच्या पोरी धरतील, आणि वहीत तोच आकडा चढेल जो दोघांनी मोठ्यानं वाचला. मग खुशाल ड्रोन उडवा. आम्ही खालून हात हलवू, आणि धोका दिसला तर तोच हात वर करून काम थांबवू.

जय भीम!